कुकरातला जरबेरा

टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणं, शिकायला निघालेल्या माणसाची पहिली चूक त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर सापडते. तिथं त्यानं हिशेब मांडलेला असतो. एका रोपाची चार आठवड्यांत तीन रोपं, तिनाची नऊ, नवाची सत्तावीस. अशा बारा फेऱ्या झाल्या की वर्षाच्या आत 5,31,441 रोपं. रोपाला वीस रुपये धरले तर एक कोटी सहा लाख. हिशेब बरोबर आहे, मी तीनदा तपासलाय. फक्त तो बाटलीतल्या बुरशीला कुणी वाचून दाखवलेला नसतो.

तर, हे मार्गदर्शन कोल्हापूरच्या नवशिक्यासाठी. पुण्याच्या नवशिक्याला ते लागणार नाही, तो आधी पुस्तक वाचतो. आपल्याकडं जी-नाईन केळीच्या बागा बघून, नाहीतर कोंडिग्रेच्या हरितगृहांतली जरबेऱ्याची रांग बघून माणूस म्हणतो, "ह्यात काय अवघड हाय?" आणि तिथून थेट भांड्यांच्या दुकानात जातो. मी तसाच गेलो होतो. गच्चीवरच्या कुंडीत एक केशरी जरबेरा होता, बायकोच्या माहेरून आलेला. त्याची लाखभर पिल्लं करायची, एवढाच माझा माफक बेत.

माझा भाचा वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झालाय. त्यानं बेत ऐकून घेतला, माझ्या स्वयंपाकघरात एक नजर टाकली आणि म्हणाला, "मामा, सगळं जमंल. पण तुमचा हात लई सैल हाय." मला तेव्हा ते कौतुक वाटलं.

साहित्याकडं वळू. झाडाचा तुकडा वाढवायचा तर त्याला आधी जेवण लागतं, आणि ते जेवण 1962 साली तोशिओ मुराशिगे आणि फोल्के स्कूग या दोघांनी तंबाखूच्या झाडासाठी ठरवून ठेवलंय. (त्याच वर्षी नोव्हेंबरात आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. दोन्हीचा संबंध काही नाही, पण कोल्हापूरकराला सांगितल्याशिवाय राहवत नाही.) त्यांच्या आद्याक्षरांवरून त्या मिश्रणाला जगभर एमएस म्हणतात. तयार भुकटीही मिळते. लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्याला साडेचार ग्रॅमच्या आतच. त्यात तीस ग्रॅम साखर आणि सात-आठ ग्रॅम अगार, म्हणजे खरवसासारखं थरथरणारं घट्ट होण्यापुरतं. अगार समुद्री शेवाळातून काढतात. घरात चायना ग्रासची पुडी असेल तर तोच तो पदार्थ. सामू 5.8 पाहिजे. याहून फार आंबट झालं तर अगार नीट गोठत नाही, फार वर गेलं तर दगड होतो.

इथं प्रत्येक कोल्हापूरकराला एक प्रश्न पडतो, तो मलाही पडला: साखरेऐवजी गूळ? गूळ आपला, सगळ्या देशात नावाजलेला, मग झाडानं काय पाप केलंय? उत्तर असं, की गुळात गुळाशिवाय बरंच काही असतं आणि त्यातलं किती, हे ढेपेगणिक बदलतं. मग रोप वाढलं तर कशानं आणि मेलं तर कशानं, हे कळायची सोय राहत नाही. साखर मात्र दुकानातली चालते. आपल्या कारखान्यांचा या शास्त्राला एवढा हातभार लागतो, त्यावर समाधान मानावं.

आता सैल हाताची गोष्ट. एमएसमध्ये कोबाल्ट क्लोराइड पडतं, लिटरला 0.025 मिलिग्रॅम. तांबड्या रश्शात चटणी घालताना "अजून एक चमचा" म्हणणाऱ्या माणसाला हा आकडा समजावून सांगणं हीच मुळात शिकवणी आहे. एवढं बारीक वजन साध्या काट्यावर होत नाही. म्हणून युक्ती: पंचवीस मिलिग्रॅम घ्यायचं, लिटरभर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवायचं आणि लागेल तेव्हा त्यातलं एक मिलिलिटर उचलायचं. अशा बाटल्यांना स्टॉक म्हणतात. प्रत्येकीवर नाव आणि तारीख घाला. मी घातली नव्हती. दोन महिन्यांनी माझ्या फ्रिजमध्ये पाण्यासारख्या दिसणाऱ्या नऊ बाटल्या होत्या. दहावी खरंच पाण्याची होती, ती पाहुण्यांना दिली. (नऊपैकी एखादी दिली असती तर हा लेख वेगळ्या पानावर छापावा लागला असता. रसायनं खाण्याच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, हे मी गंभीरपणे सांगतोय.)

मग कुकर. प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह असतो: 121 अंश, चौरस इंचाला पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं. घरचा शिट्टीचा कुकर साधारण त्याच दाबाला शिट्टी मारतो, म्हणजे वरणभात शिजवता शिजवता आपण गेली कित्येक वर्षं निर्जंतुकीकरणच करत आलोय. पण शिट्ट्या मोजू नका. तीन शिट्ट्यांत डाळ शिजते, जिवाणूंचे चिवट बीजाणू मरत नाहीत. वाफेचा जोर धरला की आच बारीक करून घड्याळ लावा. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच, त्यामुळं तापमान किंचित कमी भरतं. दोन-तीन मिनिटं जास्त ठेवली की झालं. आणि गॅस बंद केल्यावर लगेच शिट्टी उचलू नका. मी उचलली. बेचाळीस जॅमच्या बाटल्यांत भरायचं होतं त्यातलं निम्मं माध्यम भांड्यांतून उकळून वर आलं आणि छताला लागलं. अगार असल्यामुळं ते तिथं गोठलं. अजून आहे.

इथवर सगळं स्वयंपाकघरातलं झालं. पुढचं देवघरातलं.

आमची आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. ओल्यानं न्हाऊन यायची, वेगळ्या खुंटीवरचं लुगडं नेसायची, आणि एकदा चुलीपुढं बसली की तिला कुणी शिवायचं नाही. आम्ही पोरं मुद्दाम शिवायला जायचो आणि धपाटा खायचो. तेव्हा ते खूळ वाटायचं, आणि माणसामाणसांत विटाळ मानणारं होतं म्हणून आजही ते नकोच वाटतं. पण टिश्यू कल्चरच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मला आजीच आठवली. चपला बाहेर, वेगळा डगला, टोपी, तोंडाला पट्टी, कोपरापर्यंत हात धुतलेले, त्यावर सत्तर टक्के अल्कोहोल. काम करायचं ते लॅमिनार फ्लोच्या तोंडाशी. ते एक मोठं कपाट असतं. त्यातून गाळलेली हवा संथपणे आपल्या अंगावर येत राहते, आपल्याकडची तिकडं जात नाही. त्याची गाळणी 0.3 मायक्रॉनचे कण हजारात दोन-चारसुद्धा सुटू देत नाही. कपाटात हात गेला की मग डोकं खाजवायचं नाही, नाक पुसायचं नाही, फोन उचलायचा नाही. बोलायचंही नाही. कोल्हापुरात बोलायचं नाही म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं ठरवावं. तोंडात मावा असेल तर खोलीच्या अलीकडच्या गल्लीतच थांबा.

लॅमिनार परवडत नसेल तर माशांची जुनी काचपेटी आडवी करून तिच्यात हात घालून काम करता येतं. पंखा बंद. खिडक्या बंद. एप्रिल महिना. आत स्पिरिटचा दिवा, त्यावर चिमटा आणि पातं लाल करून घ्यायचं. हातावर अल्कोहोल चोळल्यावर ते पुरतं वाळू द्या आणि मगच दिव्याजवळ जा. माझ्या उजव्या मनगटावरचे केस परत यायला सहा आठवडे लागले.

झाडाचा कुठला तुकडा घ्यायचा? जरबेऱ्याचं शेंड्यावरून करता येतं. मुराशिगेनंच 1974 साली ते करून दाखवलं. पण जरबेऱ्याचा शेंडा जमिनीलगत, मातीत बुडालेला, म्हणजे जंतूंचं आगर. त्यापेक्षा अगदी कोवळी कळी घेतात, बोराएवढी, अजून न उमललेली. ती साबणाच्या पाण्यानं धुवायची, अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट बुडवायची, मग पातळ केलेल्या ब्लीचमध्ये दहा-पंधरा मिनिटं, आणि शेवटी कुकरात निर्जंतुक करून गार केलेल्या पाण्यानं तीन वेळा खळबळायची. प्रयोगशाळेत यासाठी मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते जालीम विष आहे, घरी आणायचं नाव काढू नका. ब्लीच कमी वेळ ठेवलं तर बुरशी जगते, जास्त ठेवलं तर कळी मरते. मधली वेळ प्रत्येक झाडाची निराळी असते आणि ती चुकत चुकतच सापडते. कळीच्या पाकळ्यांचे कोंब काढून टाकून तळाच्या गादीचे चार तुकडे करा, एका बाटलीत एक ठेवा, झाकण लावा, कपाटात ठेवा. पंचवीस अंशाच्या आसपास, सोळा तास उजेड, आठ तास अंधार.

यानंतर नवशिक्यानं काय करावं, तर काहीही करू नये. मी रोज सकाळी बाटल्या उचलून बघत होतो. चौथ्या दिवशी एका बाटलीत कापसासारखं काहीतरी दिसलं. मला वाटलं, मुळ्या. भाच्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर एका शब्दात आलं: "बुरशी." आठव्या दिवसापर्यंत बेचाळीसपैकी एकतीस बाटल्यांत पांढरी, काळी, हिरवी, पोपटी अशी बाग फुलली होती. साखरपाण्यावर वाढायचा हक्क जरबेऱ्याआधी बुरशीचा, कारण ती ताशी वाढते आणि जरबेरा आठवड्याला. कापसासारखं दिसलं तर बुरशी. तुकड्याच्या बुडाशी दुधट, चिकट ओघळ दिसला तर जिवाणू. जिवाणू कधी कधी महिनाभर झाडाच्या आत दबा धरून बसतात आणि आपण पेढे वाटल्यावर बाहेर येतात.

बिघडलेली बाटली उघडू नका. तशीच, झाकणासकट कुकरात घाला, मग धुवा. मी एक उघडून वास घेतला. त्या वर्षी घरच्या कैरीच्या लोणच्याला बुरी आली आणि ती माझ्यामुळंच आली, असा घरात एकमतानं ठराव झाला.

उरल्या अकरा. त्यांना आता हार्मोन. हे प्रकरण छान आहे आणि थोडक्यात सांगता येतं. स्कूग आणि मिलर यांनी 1957 साली दाखवून दिलं, की सायटोकायनिन जास्त आणि ऑक्झिन कमी असेल तर तुकड्याला कोंब फुटतात. उलट केलं तर मुळं. आणि दोन्ही सारखं ठेवलं तर ना धड मूळ ना धड कोंब, नुसता गोळा वाढत राहतो. आमच्या गल्लीत असे दोघे-तिघे आहेत. जरबेऱ्याला कोंबांसाठी बीएपी नावाचं सायटोकायनिन लिटरला एक-दोन मिलिग्रॅम पुरतं. मी दशांश चिन्ह बघितलं नाही आणि दोनाचे वीस केले. सैल हात. कोंब फुटले, अक्षरशः झुडुपासारखे, मी नाचलो. पण ते काचेसारखे पारदर्शक, पाण्यानं टरारलेले, हात लावला की तुटणारे. असल्या रोपाला पुढं आयुष्य नसतं. सात बाटल्या त्यात गेल्या.

त्या दिवशी भाचा मला विद्यापीठात घेऊन गेला. मला वाटलं, कपाटं दाखवायला. त्यानं आधी बाग दाखवली, आणि मुळात ज्याच्यासाठी ही सगळी खटपट करायची ते झाड दाखवलं.

कंदीलपुष्प तुम्ही पाहिलं नसेल तर पावसाळ्यात पठारावर जा. पाच पाकळ्या टोकाशी एकत्र जुळून खरोखरच कंदिलाचा आकार होतो, खाली लांबट नळी. बारीक माशी वासाला भुलून आत उतरते; आतले केस खाली वळलेले, त्यामुळं परत वर येता येत नाही. एक-दोन दिवसांनी फूल कोमेजतं, केस मऊ पडतात, माशी पराग अंगावर घेऊन सुटते आणि दुसऱ्या कंदिलात जाऊन पुन्हा अडकते. माशीला शहाणपण येत नाही म्हणून हा वंश टिकलाय. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. खेड्यात काही जातींना खरपुडी म्हणतात, एकीला हमण. खरपुडीचा कंद गुराखी पोरं उकरून कच्चाच खातात, गोडसर लागतो. सह्याद्रीतल्या यातल्या कित्येक जाती जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. एखादी जात म्हणजे चार-दोन डोंगरांचे उतार, तेवढाच तिचा मुलूख. पावसाळ्यात उगवायचं, फुलायचं, म्हाताऱ्यांसारख्या उडत्या बिया सोडायच्या आणि उरलेलं वर्ष कंद होऊन जमिनीखाली काढायचं. तो कंदच उकरला तर संपलं.

शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात डॉ. श्रीरंग यादव यांनी या कंदीलपुष्पांमागं उभी हयात घातली. डोंगर पालथे घालून जाती शोधल्या, विद्यापीठाच्या आवारात त्या जपल्या. अजूनही नवी जात सापडते: 2023 साली विशाळगडावरून एक प्रसिद्ध झाली, तिचं नाव ठेवलंय सेरोपेजिया शिवरायीना. आणि याच विभागातल्या मंडळींनी 2013 साली पाचगणीच्या कंदीलपुष्पाचं टिश्यू कल्चर करून, बाटलीत वाढलेली रोपं जनुकांच्या पातळीवर मूळ वेलासारखीच आहेत का, हेही तपासून प्रसिद्ध केलं.

यातली गंमत नवशिक्यानं नीट लक्षात घ्यावी. वेल वाढवायला कंद लागत नाही. खोडाचं एक पेर, बोटाच्या कांड्याएवढं, त्याच्या बगलेतला डोळा पुरतो. वेल जागेवर जगतो, डोंगराला पत्ता लागत नाही, आणि त्या पेरातून बाटलीत कोंब फुटतात. बाटलीत या वंशाच्या काही जातींनी बारीक कंदही धरलेत आणि फुलंही. ना पाऊस, ना माशी, आणि काचेच्या आत कंदील लागलेला. भाच्याचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "मामा, एका वेलाच्या लाख नकला म्हंजे लाख वेल न्हवं. एक रोग आला की सगळी एकदम जातील." म्हणून वेगवेगळ्या डोंगरांवरच्या वेगवेगळ्या वेलांची पेरं घ्यावी लागतात, बियाही राखाव्या लागतात, आणि शेवटी रोप नेऊन डोंगरावर लावावं लागतं. बाटलीत जिवंत असणं म्हणजे दवाखान्यात जिवंत असणं.

घरी आलो. माझ्या चार बाटल्या उरल्या होत्या. योग्य मापाच्या माध्यमात हलवल्या, मग मुळांसाठी बीएपी नसलेल्या आणि ऑक्झिनचा नुसता वास लावलेल्या. मुळं फुटली. आणि इथं नवशिके जिंकलो म्हणून टोपी उडवतात.

बाटलीतलं रोप म्हणजे आयतं साखरपाणी पिऊन वाढलेलं पोर. उन्हाची सवय नाही, पानावर मेणाचा थर जेमतेम, पानांची छिद्रं मिटायला शिकलेलीच नाहीत. बाहेर काढलं की तासाभरात मान टाकतं. त्याच्या मुळांवरचं अगार कोमट पाण्यानं नीट धुवा, कारण त्यातली साखर म्हणजे कोकोपीटमधल्या बुरशीला आमंत्रण. लहान पेला, त्यात कोकोपीट, वरून प्लास्टिकची पिशवी. आत घाम आल्यासारखी ओल राहिली पाहिजे. पिशवीला आठवड्याला एक भोक पाडत जा. महिना-दीड महिन्यानं पिशवी काढा, तीही सावलीत. या कामाला हार्डनिंग म्हणतात. कोल्हापुरात ते जूनमध्ये करावं, हवाच फुकट दमट मिळते. मी मे महिन्यात केलं. दोन गेली. तिसरं चांगलं जगलं होतं, ते मी कौतुकानं उन्हात गच्चीवर ठेवून पाहुण्यांना सोडायला स्टँडवर गेलो.

चौथं बायकोनं माझ्यापासून लपवून ठेवलं होतं, म्हणून आहे.

धंद्याचा विचार अजून डोक्यात असेल त्याच्यासाठी दोन गोष्टी. बाजारातल्या जरबेऱ्याच्या नामांकित जाती पैदासकारांच्या मालकीच्या असतात आणि प्रत्येक रोपावर त्यांचा स्वामित्वधन घ्यायचा हक्क असतो. कुंडीत आहे म्हणून नकला काढून विकायच्या, असं चालत नाही. आणि विकत घेताना राष्ट्रीय प्रमाणीकरण पद्धतीखाली मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं रोप मागा. ही व्यवस्था 2006 पासून आहे. रोप विषाणूमुक्त आणि जातिवंत आहे का, ते त्यात तपासतात. एकरी चोवीस हजार रोपं लावून मग विषाणू निघाला तर माझ्यासारखं हसण्यावारी नेता येत नाही.

गेल्या दिवाळीत चौथ्या रोपाला कळी आली. पहिली बाटली भरल्यापासून अठरा महिने झाले होते. मी भाच्याला बोलावलं, शेजाऱ्यांना बोलावलं. फूल उमललं: केशरी, मध्ये काळसर डोळा, पाकळ्यांची टोकं किंचित मुडपलेली. आईच्या कुंडीशेजारी कुंडी ठेवली तर कुठली कुठली, ते कळेना. भाचा म्हणाला, "मामा, जातिवंत." बायकोनं दोन्ही फुलं निरखून बघितली.

"ह्ये तर आपल्याकडं हायच की."

त्यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. माझ्याकडं जॅमच्या बेचाळीस रिकाम्या बाटल्या आहेत, घासून ठेवलेल्या. कुणाला सुरुवात करायची असेल तर येऊन घेऊन जावं. झाकणं मात्र स्वतःच उकळून घ्या. माझ्या हातानं उकळलेल्यांचा भरवसा देत नाही.